घरच्या जेवणाची कॅलरी-नोंद प्रामाणिकपणे कशी ठेवावी: पातेल्यापासून ताटापर्यंत

खाण्याची नोंदवही ठेवायला सुरुवात करणारी बहुतेक माणसे पहिल्या आठवड्यातच एका ठिकाणी अडतात. अ‍ॅपमध्ये ‘एक वाटी आमटी’ असे शोधले की एकमेकांशी न जुळणारे आकडे समोर येतात, आणि त्यांपैकी एकही आपल्या घरच्या आमटीचा नसतो. मग त्यातला सोयीचा, म्हणजे बहुधा सर्वांत लहान आकडा निवडला जातो आणि वहीत तोच खरा म्हणून राहतो. १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही अशी तक्रार असलेल्या लोकांचे प्रत्यक्ष खाणे मोजले गेले, तेव्हा त्यांनी नोंदवलेल्या कॅलरी प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाल्या. त्यांच्या शरीराच्या ऊर्जाखर्चात दोष आढळला नाही. चूक नोंदीतच होती. ती मुद्दाम केलेली होती असे मानण्याचे कारण नाही, कारण मोजण्याची पद्धत हाताशी नसेल तर सचोटीच्या माणसाचीही वही खोटी होते.

ही पद्धत मराठी घरातल्या स्वयंपाकाला कशी लावावी, हे मी येथे क्रमाने मांडत आहे. आपल्याकडे एका पातेल्यात सर्वांचे शिजते, वाढणारे हात वेगळे असतात आणि तेल अंदाजाने पडते. त्यामुळे ताटातला घास मोजण्यापेक्षा पातेले मोजणे सोपे आणि अधिक खरे ठरते.

सुरुवातीला एक आवश्यक सूचना

खाण्याशी संबंधित मानसिक आजार पूर्वी होऊन गेला असेल, किंवा आकडे लिहू लागल्यावर जेवणाची भीती वाटू लागली असेल, तर कॅलरी मोजू नयेत आणि डॉक्टरांशी बोलावे. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातील मुले, तसेच इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्ती यांनी नोंदीच्या आधारे स्वतःहून आहार कमी करू नये. अशा व्यक्तींना नोंद ठेवायची असल्यास ती डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवण्यासाठी ठेवावी.

लागणारे साहित्य

- ५ किलोपर्यंत मोजणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा. भांडे ठेवून आकडा पुन्हा शून्यावर आणण्याचे बटण त्यावर असलेच पाहिजे.
- एक वही, एक्सेलची शीट किंवा अ‍ॅप. तिन्हींपैकी जे रोज उघडले जाईल ते घ्यावे.
- पदार्थांच्या पोषणमूल्यांचा एकच ठरलेला तक्ता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय खाद्यपदार्थांची पोषणमूल्ये प्रसिद्ध केली आहेत. आपल्या धान्या-डाळींसाठी तो आधार सर्वांत योग्य आहे.
- वजनाचा काटा, स्वतःच्या शरीरासाठी.

मोजण्याचे चमचे आणि कप विकत घेण्याची गरज नाही. घट्ट भरलेले शेंगदाण्याचे कूट आणि सैल भरलेले कूट एकाच चमच्यात वेगळ्या वजनाचे बसते, म्हणून घन पदार्थ नेहमी ग्रॅममध्येच मोजावेत.

पायरी १: पहिले दोन आठवडे आहार बदलू नका

नोंद सुरू करायची आणि त्याच दिवशी भात बंद करायचा, असे करू नये. आपण एरवी नेमके किती खातो हे ठाऊक नसेल तर पुढच्या कोणत्याही बदलाला आधार राहत नाही. या काळात चार कप चहा घेत असाल तर चारच घ्या आणि चारही लिहा. वही कोणाला दाखवायची नसते, हे स्वतःला स्पष्ट सांगून ठेवावे. बरेच लोक दुसऱ्याच्या नजरेसाठी लिहिल्यासारखे लिहितात आणि रात्रीची चकली गाळतात.

पायरी २: भांड्यांची वजने लिहून ठेवा

रिकामे पातेले, कढई, कुकरचे डबे, भाकरीची परात, रोजची वाटी यांची वजने एकदाच घेऊन ठेवावीत. आमच्या घरी ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे: ‘मोठे पातेले ६४५, लोखंडी कढई १३१०, कुकरचा डबा २८०, स्टीलची वाटी ६२’. भाजी तयार झाली की कढईसकट काट्यावर ठेवायची आणि कागदावरचा आकडा वजा करायचा. यासाठी गरम भाजी दुसऱ्या भांड्यात ओतावी लागत नाही, आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा खोळंबा होत नाही. काट्यावर गरम भांडे थेट ठेवू नये. खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणावा.

पायरी ३: जिन्नस कच्चे मोजा, पदार्थ शिजल्यावर मोजा

संपूर्ण पद्धतीचा हा गाभा आहे. पातेल्यात जे जे जाते ते कच्चे असताना मोजायचे, त्याची एकूण बेरीज करायची, शिजलेल्या पदार्थाचे वजन घ्यायचे आणि आपल्या वाटीत त्यातला किती भाग आला ते काढायचे. प्रथिने आणि कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅममागे ४ किलोकॅलरी आणि मेदाच्या प्रत्येक ग्रॅममागे ९ किलोकॅलरी धरतात (रोजच्या बोलण्यात आपण ‘कॅलरी’ म्हणतो ती ही किलोकॅलरीच).

चौघांच्या आमटीचे उदाहरण घेऊ. तूरडाळ १५० ग्रॅम, फोडणीचे तेल २० ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, ओले खोबरे २५ ग्रॅम. मसाला, हळद, कोथिंबीर, आमसूल यांचा भाग इतका थोडा असतो की तो सोडून द्यावा.

- तूरडाळ: सुमारे ५०३ किलोकॅलरी, प्रथिने ३३.५ ग्रॅम, कर्बोदके ८६ ग्रॅम, मेद २.६ ग्रॅम
- तेल: १८० किलोकॅलरी, मेद २० ग्रॅम
- गूळ: ५७ किलोकॅलरी, कर्बोदके १४ ग्रॅम
- ओले खोबरे: १११ किलोकॅलरी, मेद १०.४ ग्रॅम, कर्बोदके ३.३ ग्रॅम, प्रथिने १.१ ग्रॅम

एकूण सुमारे ८५१ किलोकॅलरी, प्रथिने ३४.६, कर्बोदके १०३ आणि मेद ३३ ग्रॅम. उकळल्यानंतर आमटीचे वजन १३०० ग्रॅम भरले आणि आपल्या वाटीत १६० ग्रॅम आली, तर त्या वाटीत १०५ किलोकॅलरी, सव्वाचार ग्रॅम प्रथिने, जवळपास १३ ग्रॅम कर्बोदके आणि ४ ग्रॅम मेद येतो.

या हिशेबातून दोन गोष्टी लगेच दिसतात. डाळीत २२ टक्के प्रथिने असतात हे खरे असले तरी ते कोरड्या डाळीचे प्रमाण आहे. पातळ आमटीच्या वाटीतून मिळणारी प्रथिने चार ग्रॅमच्या आसपास असतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने प्रौढांसाठी सुचवलेले प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. ‘आम्ही रोज वरण खातो, प्रथिनांची काळजी नाही’ असे समजणाऱ्यांनी ही बेरीज एकदा तरी आपल्या घरच्या पातेल्यावर करून पाहावी. दुसरे असे की, डाळीच्या या पदार्थातल्या तिसऱ्या हिश्श्याहून थोड्या जास्त कॅलरी मेदाच्या आहेत, आणि त्या ताटात डोळ्यांना दिसत नाहीत.

भाताचा हिशेबही असाच करावा. २०० ग्रॅम तांदळात सुमारे ७०० किलोकॅलरी असतात. भात मोकळा होऊन ५६० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅम भातात १२५ किलोकॅलरी येतात, आणि आसट होऊन ६४० ग्रॅम भरला तर ११० च्या आत येतात. नवख्या माणसाचा सर्वांत मोठा गोंधळ येथेच होतो: ताटातला शिजलेला भात तोलायचा आणि तक्त्यात ‘तांदूळ, कच्चा’ या ओळीतला आकडा घ्यायचा. दीडशे ग्रॅम भाताचे मग १९० ऐवजी ५२५ होतात. मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, सोयाचे तुकडे आणि ओट्स यांच्या बाबतीतही कोरडे वजन आणि पाणी शोषल्यानंतरचे वजन यांत अंतर असते, म्हणून नोंदीत ‘कोरडे’ किंवा ‘भिजलेले’ हा शब्द लिहिलाच पाहिजे.

मटण, कोंबडी आणि मासे हाडा-काट्यांसह तोलले असतील, तर जेवण झाल्यावर ताटात उरलेली हाडे तोलून वजा करावीत.

पायरी ४: तेल आणि तूप यांचा वेगळा हिशेब ठेवा

पोह्याचा छोटा चमचाभर तेल म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम, अर्थात ४० किलोकॅलरी. मोठ्या, १५ मिलिलिटरच्या चमच्यात १२० च्या आसपास जातात. हाताने ओतलेली धार यांतल्या कोणत्या मापाची होती हे कोणालाच सांगता येत नाही. उपाय सोपा आहे: फोडणीपूर्वी तेलाची किटली तोलायची, फोडणीनंतर पुन्हा तोलायची आणि फरक लिहायचा. तळणीसाठी कढईतले तेल तळण्यापूर्वी आणि निवल्यावर तोलावे. जेवढे कमी झाले तेवढे पुऱ्यांत किंवा भज्यांत गेले असे धरावे.

घरी आई, सासूबाई, पत्नी किंवा स्वयंपाकाच्या मावशी रांधत असतील, तर प्रत्येक फोडणीला काटा घेऊन शेजारी उभे राहणे योग्य नाही. ज्या व्यक्तीने इतकी वर्षे सर्वांना जेवू घातले, तिच्या हाताची तपासणी चालली आहे असे तिला वाटता कामा नये. अशा घरात पिशवीचा हिशेब करावा. तेलाची पिशवी फोडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर लिहावी आणि संपली की दिवस मोजावेत. ९१० ग्रॅमची पिशवी चार माणसांना सात दिवस पुरली, तर दरडोई दररोज साडेबत्तीस ग्रॅम तेल, म्हणजे २९० किलोकॅलरी होतात. ही रक्कम रोजच्या नोंदीत ‘घरचे तेल’ या एकाच ओळीत टाकावी आणि मग भाज्या-आमट्या तेलाशिवाय लिहाव्यात, नाहीतर तेच तेल दोनदा मोजले जाईल. पिशवीवरचे निव्वळ वजन मात्र वाचून घ्यावे, कारण सारख्या दिसणाऱ्या पिशव्या सारख्या वजनाच्या नसतात.

तुपाबद्दल एक बारकावा आहे. घरी दुधावरची साय काढून तूप कढवत असाल, तर त्या दुधातला बराच मेद तुपात गेलेला असतो. दूध पूर्ण मेदाचे लिहिले आणि तूपही लिहिले, तर नोंद फुगते. साय काढलेले दूध टोन्ड दुधाच्या जवळचे धरणे मला सयुक्तिक वाटते.

पायरी ५: पोळ्या आणि भाकऱ्या पिठावरून मोजा

‘एक पोळी’ हे माप नाही. कणीक मळून झाल्यावर संपूर्ण गोळ्याचे वजन घ्यावे, आणि आपल्या पोळीसाठी घेतलेल्या लाटीचे वजन घ्यावे. ३०० ग्रॅम पिठाची कणीक ४८० ग्रॅम भरली आणि लाटी ४० ग्रॅमची असेल, तर तिच्यात २५ ग्रॅम पीठ आहे, म्हणजे सुमारे ८५ किलोकॅलरी. घडीच्या पोळीत आत लावलेले आणि वरून सोडलेले तेल-तूप वेगळे धरावे. ज्वारीच्या भाकरीला ६० ते ८० ग्रॅम पीठ लागत असेल, तर ती २०० ते २७५ किलोकॅलरींची होते. भाकरी पोळीपेक्षा हलकी म्हणून एकास एक बदलणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. लाट्यांचा आकार त्याच हातून रोज जवळपास सारखा येतो, म्हणून चार-पाच दिवस मोजून सरासरी काढली की पुढे मोजण्याची गरज पडत नाही.

पायरी ६: आकडा कुठून घेतला ते तपासा

अ‍ॅपमधल्या पुष्कळ नोंदी वापरणाऱ्यांनीच भरलेल्या असतात. कोणतीही नोंद स्वीकारण्यापूर्वी प्रथिने गुणिले ४, कर्बोदके गुणिले ४ आणि मेद गुणिले ९ यांची बेरीज करून पाहावी. दिलेल्या कॅलरींशी ती दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा अधिक फरकाने चुकत असेल, तर ती नोंद सोडून द्यावी. तंतुमय पदार्थांमुळे थोडा फरक पडतो. मद्यात बेरीज जुळतच नाही, कारण अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे ७ किलोकॅलरी असतात आणि ते तिन्ही रकान्यांत बसत नाही. ३० मिलिलिटर व्हिस्कीच्या सुमारे ७० किलोकॅलरी म्हणून वेगळ्या लिहाव्यात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यात ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे. तो आकडा ४.१८४ ने भागला की किलोकॅलरी मिळतात. शिवाय त्या तक्त्यातल्या कर्बोदकांत तंतुमय भाग धरलेला नाही, तर अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात तो धरलेला आहे. त्यामुळे त्याच १०० ग्रॅम गव्हाच्या पिठाची कर्बोदके एकीकडे ६४ आणि दुसरीकडे ७२ ग्रॅम दिसतात. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पण आज एक तक्ता आणि उद्या दुसरा वापरला तर वहीतली तुलना बिघडते.

पायरी ७: पाकिटावरील माहिती नीट वाचा

प्रति १०० ग्रॅमचा रकाना पाहावा आणि स्वतः खाल्लेले वजन त्याला लावावे. ‘एक सर्व्हिंग’ किती ग्रॅमची हे उत्पादक ठरवतो, आणि बिस्किटांच्या किंवा शेवेच्या पाकिटात ती आपण प्रत्यक्ष खातो त्यापेक्षा बरीच लहान असते. टक्केवारीचा रकाना २,००० किलोकॅलरींच्या आहारावर बेतलेला असतो, तो आपल्या गरजेशी जुळेलच असे नाही. दुधाच्या पिशवीवर प्रकार पाहावा: डबल टोन्डमध्ये १.५ टक्के, टोन्डमध्ये ३ टक्के आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के मेद असतो.

पायरी ८: सुटणाऱ्या गोष्टी पकडा

खाण्यापूर्वी लिहावे, निदान ताट वाढल्याबरोबर. रात्री आठवून लिहिलेल्या वहीत जेवणे राहतात आणि मधले खाणे निसटते. पुढील गोष्टी सर्वाधिक निसटतात.

चहा: ७५ मिलिलिटर फुल क्रीम दूध आणि दोन चमचे साखर घातलेला एक कप सुमारे १०५ किलोकॅलरींचा होतो, आणि असे चार कप म्हणजे एका साध्या जेवणाएवढे.

शेंगदाणे आणि कूट: कोशिंबीर, भरली वांगी, उसळ, सगळीकडे कूट असते. शेंगदाण्यात प्रथिने चांगली असली तरी त्याच्या कॅलरींपैकी सुमारे दोन तृतीयांश मेदाच्या असतात, म्हणून ‘प्रोटीनसाठी’ मूठभर खाताना तीही तोलावी.

उपवास: ६० ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, १५ ग्रॅम तूप आणि थोडा बटाटा घातलेली एक बशी खिचडी ५०० किलोकॅलरींच्या पुढे जाते आणि तिच्यातून प्रथिने जेमतेम सहा ग्रॅम मिळतात. उपवासाचा दिवस वहीत कोरा सोडणारे बरेच जण मला भेटले आहेत. त्यांच्या आठवड्याची सरासरी तिथेच चुकते.

याखेरीज मुलांच्या ताटातले उरलेले, भाजीची चव पाहताना घेतलेले चमचे, जेवणानंतरचा गुळाचा खडा आणि देवळातला प्रसाद. प्रसाद लिहिण्यात कमीपणा मानू नये. शिऱ्याची मूद ५० ग्रॅमची असते तशीच ती लिहावी.

पायरी ९: बाहेरचे खाणे अंदाजाने, पण लिहाच

हॉटेलातली मिसळ किंवा लग्नातले जेवण मोजता येत नाही. अशा वेळी घरच्या त्याच पदार्थाचा आकडा घेऊन मी तो दीडपट धरते, कारण बाहेर तेल आणि साखर सढळ असते, आणि ओळीपुढे ‘अं.’ असे लिहिते म्हणजे तो अंदाज आहे हे नंतर कळते. अंदाज चुकीचा असला तरी चालतो. पान कोरे राहिले तर चालत नाही. घरखर्चाच्या वहीत दिवाळीचा महिनाच गाळावा, तसे हे होते: उरलेल्या महिन्यांची सरासरी कितीही काटेकोर काढली तरी तिच्यावरून वर्षाचा खर्च समजत नाही.

पायरी १०: वजनाशी ताळा करा

रोज सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे, पण पाहावी ती सात दिवसांची सरासरी. खारट जेवण, मासिक पाळी, प्रवास यांमुळे शरीरातील पाणी एक-दोन किलोने सहज हलते, म्हणून निष्कर्ष तीन-चार आठवड्यांनीच काढावा. मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांनी एका चक्रातल्या आठवड्याची तुलना पुढच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करावी. वहीप्रमाणे रोज ५०० किलोकॅलरी कमी जात असतील, तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या किंचित आत उतार दिसायला हवा. एक किलो चरबीमागे सुमारे ७,७०० किलोकॅलरी धरण्याचा हा ढोबळ हिशेब आहे.

उतार दिसला नाही तर पचन मंदावले अशी समजूत करून घेण्यापूर्वी वही या क्रमाने तपासावी: तेल, कूट आणि खोबरे, चहा, शनिवार-रविवार, आणि शेवटी मनगटावरच्या स्मार्ट घड्याळाने दाखवलेल्या व्यायामाच्या कॅलरी. घड्याळाचे आकडे खाण्यात परत भरून काढण्याची सवय अनेकांना असते, ती सोडावी.

हे सर्व तपासूनही थोडे अंतर राहिले तर त्याची चिंता करू नये. वहीत सातत्याने १,९०० येत असताना वजन स्थिर राहत असेल, तर खरा आकडा २,०५० असला तरी आपल्या वहीपुरता १,९०० हाच पाया धरावा आणि पुढची वजाबाकी त्यातूनच करावी. घर बदलले, खाणावळ लावली किंवा स्वयंपाक करणारी व्यक्ती बदलली, तर तेलाचा, लाटीचा आणि वाटीचा आकडा पुन्हा दोन आठवडे मोजून नव्याने ठरवावा.